कुंदनच्या नावची शिष्यवृत्ती

नवी मुंबईतल्या पावणे गावात धर्मराज मढवींचं घर कुठलं, असं नुसतं विचारून भागत नाही. गावात मढवी खंडीभर, आणि त्यात धर्मराजही एकटा नाही. नाक्यावरची पोरं उलट तुम्हालाच विचारतात, कुठला धर्मराज? मग सांगावं लागतं, तो हो, तीन मजल्यांवाला, ज्याच्या घरात भाडोत्री भरपूर आणि बोलणं कमी. तेव्हा कुठे पोरं बोट दाखवतात. दोन वर्षांपूर्वी एवढं लांबण लावायची गरज नव्हती. ‘कुंदनचं घर’ म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला दारात आणून सोडायचं. आता तेवढं सोडून लोक बाकी सगळं सांगतात.

कुंदन म्हणजे धर्मराज आणि सगुणाचा एकुलता एक मुलगा, तोही उशिरा झालेला. वाशीच्या कॉलेजात इंजिनीअरिंगला होता. गावच्या पोरांत तसा वेगळाच. मॅचला उभा केला तर बाउंड्रीवर बसून मोबाइलवर काहीतरी वाचत राहायचा आणि चेंडू त्याच्या बाजूने निघून जायचा. दुसऱ्या वर्षाचा शेवटचा पेपर देऊन मित्राच्या बाईकवर मागे बसून येत होता. तुर्भ्याच्या पुढे बंदराकडे निघालेल्या एका ट्रेलरने वळण घेतलं. मित्राचा पाय मोडला. कुंदन घरी आला नाही.

तेराव्यापर्यंत घरात माणसं मावत नव्हती. त्यानंतर एक गोष्ट अशी झाली की जिचा दोष कुणाला देता येत नाही. लोकांनी कुंदनचं नाव घ्यायचं सोडलं. वाईट हेतूने नाही, उलट मायेने. धर्मराज समोरून आला की विषय पाण्याच्या प्रेशरवर जायचा, नाहीतर एमआयडीसीतून येणाऱ्या वासावर. पावण्यात या दोन विषयांवर माणूस दिवसभर बोलू शकतो, त्यामुळे सोय झाली. अगदीच वेळ आली तर लोक ‘तुमचा पोरगा’ म्हणत, ‘ते झालं तेव्हा’ म्हणत. घरात सगुणाने तर कडी केली. ती ‘त्याची खोली’, ‘त्याचं कपाट’ म्हणे, पण नाव म्हणून ओठावर येऊ दिलं नाही. धर्मराज एकदा जेवताना म्हणाला, ‘कुंदनला बोंबलाचं कालवन...’ एवढ्यात ती ताटावरून उठली आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिली. पुन्हा त्याची हिंमत झाली नाही.

आता एका बापाला काय हवं असतं? पोरगा तर येत नाही. धर्मराजला एवढंच हवं होतं की कुणीतरी त्याच्या पोराचं नाव तोंडाने घ्यावं. दुःखाने नको, रडत तर अजिबात नको. बाजारात भाजीचं नाव घेतात तसं, सहज. वीस वर्षं ज्या नावाने हाका मारल्या, ते नाव भर गावात कुणाच्या तोंडात नाही, याने तो आतून पोखरला जात होता. कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, भाडी वेळेवर येतात, काम काही नाही. सकाळी खाडीच्या बाजूला फेरी मारायची आणि घरी येऊन टीव्हीसमोर बसायचं. सगुणाही बसायची. दोघं एकाच सोफ्यावर, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

नावाची भूक भागवायचा एक चोरटा मार्ग मात्र त्याला सापडला होता. घरातलं वायफायचं कनेक्शन कुंदनच्या नावावर होतं. एकदा नेट बंद पडलं म्हणून त्याने कंपनीला फोन लावला, तर पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘नमस्कार कुंदन सर, मी आपली काय मदत करू शकते?’ धर्मराजने फोन कानाला घट्ट धरला. तो बोलला, नेट स्लो हाय. मुलगी म्हणाली, ‘कुंदन सर, लाईनवर राहा.’ तो राहिला. त्यानंतर नेट चांगलं चाललेलं असतानाही तो अधूनमधून गच्चीवर जाऊन तक्रार करू लागला. सगुणा म्हणायची, वापरत कोन नाय, कापून टाका ना. तो म्हणायचा, असू दे, भाडोत्र्यांची पोरं वापरतात. पुढे कंपनीने त्या मुली काढल्या आणि मशीनचा आवाज बसवला. मराठीसाठी दोन दाबा, तक्रारीसाठी चार दाबा. मशीन कुणाला नावाने हाक मारत नाही. त्या दिवशी धर्मराज गच्चीवर सुकत घातलेल्या बारीक कोळंबीच्या, जवळ्याच्या शेजारी बराच वेळ नुसता बसून राहिला.

शिष्यवृत्तीचं त्याच्या डोक्यात आलं ते कॉलेजात. कुंदनचे मूळ दाखले तिथे अडकून होते, ते आणायला तो गेला होता. खिडकीसमोर रांग. पुढे दोन मुली. एक म्हणाली, ‘तुझं शांताबाई आलं का?’ दुसरी म्हणाली, ‘शांताबाई आलं गं, वामनराव अजून अडकलंय.’ धर्मराजला कळेना, ही काय भानगड. मग भिंतीवरचा फळा दिसला. अमक्याच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती, तमक्याच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ती. म्हणजे ही शांताबाई कधीची गेली असेल देव जाणे, पण दर वर्षी कॉलेज सुरू झालं की नव्या पोरींच्या तोंडात तिचं नाव आहेच. आलं का शांताबाई, कधी येणार शांताबाई. धर्मराज दाखले घेऊन बाहेर आला तो मनाशी ठरवूनच. कुंदनच्या उरलेल्या वर्षांची फी घरात तशीच पडून होती. ती कुणाच्या तरी पोरांना लागू दे, आणि कुंदनचं नाव त्यांच्या तोंडात बसू दे.

गावात त्याने ही गोष्ट सगळ्यात आधी तेजसला सांगितली. तेजस म्हणजे सख्ख्या भावाचा मुलगा, गावातल्या पोरांचा पुढारी, आणि फ्लेक्सच्या दुकानात भागीदार. तेजस म्हणाला, ‘काका, स्कॉलरशिप कोण बघतंय? मॅच ठेवा. स्मृतिचषक. दोन दिवस, यूट्यूबवर लाईव्ह, फुल गाव येईल.’ आमच्याकडे तरणा मुलगा गेला की त्याच्या नावाने क्रिकेटचे सामने ठेवायचे, ही आता रीतच झाली आहे. ट्रॉफीवर त्याचा फोटो, स्पीकरवर त्याचं नाव, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडप निघाला की संपलं. धर्मराज म्हणाला, ‘त्याला मॅच आवडत नव्हती. तू फ्लेक्स कर.’

तेजसने फ्लेक्स केला, आणि काय केला! चौकात वीस फुटी. कुंदनचा गॉगल घातलेला फोटो, जो कुण्या मित्राच्या हळदीतला होता. वरच्या ओळीत गावच्या सगळ्या मान्यवरांचे चेहरे, कारण एकाचा घ्यावा आणि दुसऱ्याचा राहावा तर भांडण. मध्ये सोनेरी अक्षरात ‘भव्य शिष्यवृत्ती योजना’. खाली ‘सौजन्य: धर्मराज मढवी’ आणि त्याचा हात जोडलेला फोटो. आणि अगदी तळाला लाल पट्टीत, ‘फक्त गाववाल्यांसाठी’. ही पट्टी तेजसने मुद्दाम घातली नव्हती. दुकानात तो साचाच तसा होता. मॅच असो, सहल असो, वह्यावाटप असो, प्रत्येक फ्लेक्सला ती पट्टी असायची. धर्मराजने फोटो पाहिला, नाव पाहिलं, बाकी वाचलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून माणसांची रीघ लागली. धर्मराज खूश होऊन खुर्च्या मांडून बसला. पहिला आला तो म्हणाला, ‘काका, कुठल्या वॉर्डातून उभे राहताय?’ दुसऱ्याने सांगितलं की आमच्या आळीतली साठ मतं तुमचीच समजा, फक्त गटाराचं झाकण बघा. भजनी मंडळाला नवा मृदंग हवा होता. गणपती मंडळाच्या पोरांना टी-शर्ट हवे होते. निवडणुकीची हवा होती, आणि हात जोडलेला माणूस फ्लेक्सवर दुसऱ्या कशासाठी असतो हे कुणाला माहीत नव्हतं. धर्मराज सांगून सांगून थकला की मी उभा नाही. लोक डोळा मिचकावत, ‘बरोबर हाय, आताच कशाला बोलायचं!’ फी मागायला मात्र एकही पोर आलं नाही.

शेवटी तो स्वतःच भावाकडे गेला. भावाची मुलगी, तेजसची बहीण प्राची, त्याच वर्षी कॉलेजला चालली होती. तो म्हणाला, ‘प्राचीची फी मी भरतो. कुंदनच्या नावची.’ भाऊ खाली बघत बसला. वहिनीने चहा आणून ठेवला आणि अगदी हळू, अगदी गोड बोलली. ‘भावजी, तुमी तिच्या लग्नात मनगटभर सोनं घाला, मी नाय बोलनार नाय. पन हे नको. गेलेल्याच्या नावचं पोरीच्या अंगाला लागायला नको.’ धर्मराजने चहा संपवला, कारण चहा टाकून उठलं असतं तर वहिनीला वाईट वाटलं असतं. गल्लीतून घरी येताना त्याला कळलं की गावात कुणीच का येत नाही. ज्या नावावर तो जीव टाकत होता, त्या नावाला लोक भीत होते. घरी कुणाला सांगणार? सगुणा टीव्ही बघत होती. तो तिच्या बाजूला ती ठरलेली जागा सोडून बसला.

पुढच्या काही महिन्यांत फ्लेक्सचा रंग उडाला. मान्यवर पांढरे पडले, गॉगल तेवढा काळा राहिला.

जूनमध्ये, एका दुपारी धर्मराज गच्चीवरून खाली येत होता, तर दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर मैत्री बसलेली. मैत्री म्हणजे भाडोत्री गंगाराम खिल्लारेची मुलगी. खिल्लारे मूळचे हिंगोलीकडचे, गंगाराम पावण्याच्याच एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर. मैत्री जन्मली ती या घरात आल्यावर, नुकतीच बारावी झाली होती. त्या पायरीवर वायफाय बरोबर मिळतं, हे इमारतीतल्या सगळ्या पोरांना माहीत. तिने घाईने पाय आवरून वाट करून दिली.

‘काय करतेस?’ धर्मराजने जाता जाता विचारलं.

‘स्कॉलरशिप शोधते, काका.’

तो थांबला. मग एक पायरी वर सरकून बसलाच. ‘मिळते का?’

‘खूप आहेत. पण सगळ्यांना काहीतरी अट असते.’ तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. ‘ही ड्रायव्हरच्या मुलींसाठी. बाबा ड्रायव्हर नाहीत. ही ज्यांचे वडील वारलेत त्यांच्यासाठी. हिच्यात इंग्लिशमध्ये निबंध आहे, तो पाठवलाय. सरकारची मला मिळेल, पण बाबांनी जातीचा दाखला कधी काढलाच नाही. त्यासाठी आजोबांचा शाळेचा पुरावा मागतात, आणि आजोबा शाळेतच गेले नव्हते. बाबा दोनदा गावाला जाऊन आले. होईल ते, पण कॉलेज तोवर थांबणार नाही.’ हे सगळं तिने तक्रार न करता सांगितलं, रेल्वेचं टाइमटेबल सांगावं तसं.

‘आपल्याकडे हाय की,’ धर्मराज म्हणाला. ‘चौकात बोर्ड नाय बघितला?’

‘बघितला ना. रोज बघते.’

‘मंग?’

मैत्री जरा अडखळली. ‘ती फक्त गाववाल्यांसाठी आहे, काका.’

‘कोन बोललं? तू इथलीच ना? जन्म कुठं तुझा?’

‘इथलाच. पण बोर्डावर लिहिलंय.’ आणि मग तिने मोबाइलकडे बघतच, काही विशेष बोलतेय असं न मानता पुढे म्हटलं, ‘कुंदनदादा असते तर मी त्यांनाच विचारलं असतं, भरू का म्हणून. वायफायचा पासवर्ड पण कुंदनदादांनीच दिलेला. म्हणाले होते, रील बघायला नाही हां, अभ्यासाला. मी दहावीत होते.’

धर्मराजला वाटलं आपल्याला भास झाला. जिन्यात कुणाचा तरी कुकर शिटी देत होता. दोन वर्षं तो ज्यासाठी झुरला, ते नाव त्याच्याच घराच्या पायरीवर, एका भाडोत्र्याच्या पोरीने एका दमात दोनदा घेतलं होतं, आणि घेताना तिचा चेहराही बदलला नव्हता. ‘अजून काय बोलायचा तो?’ त्याने विचारलं.  मैत्रीने वर बघितलं आणि तिला कळलं की या माणसाला रडायला आलंय. ती उठायला लागली. ‘बोल, बोल,’ तो म्हणाला, ‘माझ्याकडे बघू नको, बोल.’ मग तिने सांगितलं की कुंदनदादा गणित शिकवताना खडूने पायरीवरच लिहायचे आणि सगुणाकाकू ओरडायच्या.

तो खाली आला आणि तडक चौकात गेला. उन्हात उभं राहून त्याने आपला फ्लेक्स पहिल्यांदा नीट वाचला. वीस वर्षं ज्यांनी भाडं दिलं, ज्यांची पोरं त्याच्या जिन्यात रांगायला शिकली, त्यांना त्याने लाल अक्षरात बाहेर ठेवलं होतं, आणि मग पोरं का येत नाहीत म्हणून खुर्च्या मांडून बसला होता. स्वतःचाच राग आला त्याला. घरी येऊन सगुणाला म्हणाला, ‘आज मैत्री बोलत होती...’ सगुणाने टीव्हीचा आवाज वाढवला. बोलण्यात कुठे नाव येणार हे तिला लांबून कळायचं.

संध्याकाळी तो दुसऱ्या मजल्यावर गेला. भाडोत्र्यांच्या दाराशी मालक कशासाठी येतो हे ठरलेलं असतं, त्यामुळे मैत्रीची आई दुर्गाबाई पदराला हात पुसत दारातच म्हणाली, ‘भाडं वाढवणार असाल तर जरा दिवाळीपस्तोर थांबा, मालक.’ धर्मराजने सांगितलं, भाड्याचं नाही, फीचं आहे. गंगाराम नुकताच कामावरून आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

‘मन मोठं हाय तुमचं, मालक. पण तुमच्याच घरात ऱ्हायचं आन तुमचीच फी घ्यायची, म्हंजी जन्माचं मिंधं व्हायचं. उद्या तुम्ही खोली खाली कर म्हणलात तर माझ्या तोंडातून शब्द निघायचा न्हाई. पोरीला मी कुणापुढं वाकायला शिकवलेलं न्हाई.’

धर्मराजला दिसलं, गंगारामचं काही चुकत नव्हतं. तो उठायला लागला. तेव्हा कोपऱ्यातून मैत्री बोलली.

‘बाबा, स्कॉलरशिप म्हणजे उपकार नसतात. पण काका, मग ती नीट पाहिजे. फॉर्म पाहिजे, शेवटची तारीख पाहिजे. कुणालाही भरता आला पाहिजे. आणि निवड तुम्ही करायची नाही, ज्यांना आम्ही कुणी माहीत नाही अशा माणसाने करायची. माझ्यापेक्षा कुणी चांगलं निघालं तर त्याला जाऊ दे. तशी असली तर मी भरीन.’

गंगारामने मुलीकडे पाहिलं, मग मालकाकडे. ‘तशी असंल तर भर,’ तो म्हणाला.

तेजस मात्र भडकला. ‘काका, बाहेरच्यांना? एमआयडीसीत आपल्या जमिनी गेल्या, आपण पोसायचं यांना? गावात तोंड कसं दाखवायचं?’

धर्मराज सहसा कुणाला तोडून बोलत नाही. त्या दिवशी बोलला. ‘गावाला एवढे महिने दिले ना, तेजस? कोन आलं? तुझी बहीन तरी आली? तुमाला सगल्यांना त्याच्या नावाची भीती वाटते. ज्यांना वाटत नाय, त्यांना घेऊ दे.’

 काकाच्या तोंडचं खरं होतं, आणि घरात आईने काय सांगितलं होतं हे तेजसलाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः शिडी लावून जुना फ्लेक्स उतरवला. नवा बोर्ड लहान केला. मान्यवर नाहीत, हात जोडणं नाही, गॉगल नाही. कॉलेजच्या ओळखपत्रावरचा कुंदनचा साधा फोटो, मोठ्या अक्षरात ‘कुंदन धर्मराज मढवी शिष्यवृत्ती’, आणि खाली, पावण्यात राहणाऱ्या कुणाही मुलामुलीसाठी. फोटो चिकटवताना तेजसचा हात थांबला होता म्हणतात. चुलतभाऊच तो, एकत्र वाढलेला. पण तोही नाव न घेताच शिडीवरून उतरला.

अर्ज आले. ढीग नाही, पण आले. झेरॉक्सवाल्याच्या दुकानात फॉर्म ठेवले होते, बुद्धविहारात ठेवले होते, कंपन्यांच्या गेटजवळच्या टपरीवर ठेवले होते. कुंदनच्या कॉलेजातल्या सुचिता मॅडमनी, नावं झाकून, सगळे अर्ज वाचले आणि एक निवडला. नाव उघडलं तर मैत्री खिल्लारे. धर्मराजला एवढं हायसं वाटलं की त्याने ते लपवलंसुद्धा नाही. वाटलं, आता हिच्या कॉलेजात, हिच्या मैत्रिणींत, कुंदनचं नाव फिरत राहील. आलं का कुंदन, कधी येणार कुंदन. सगुणाला त्याने सांगितलं, निवड झाली. ती म्हणाली, ‘बरं झालं.’ एवढंच, आणि भाजी निवडायला बसली. त्याचं अर्धं पोट भरलं होतं, अर्धं त्या मोकळ्या जागेपलीकडे सोफ्यावर उपाशी बसलं होतं. दुःख दोघांचं एकच, आणि ते दोन ठिकाणी वेगवेगळं सोसत बसायचं, याहून एकटं काय असतं?

फी भरायच्या दिवशी सकाळी मैत्री खाली आली. धर्मराजने कॉलेजला ऑनलाइन भरणा केला होता, पण ऑफिसला तो कुठून आला ते कळवायचं होतं. ‘आत ये, बस,’ तो म्हणाला. ती कधी उंबऱ्याच्या आत आलेली नव्हती. भाड्याचे पैसे दारातच दिले जातात. ती सोफ्यावर अंग चोरून बसली, नेमकी त्या मधल्या जागेत. आत स्वयंपाकघरात सगुणा सुपात जवळा पाखडत होती. सुपाचा सर्र सर्र आवाज येत होता.

मैत्रीने फोन लावला आणि स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. पलीकडून एक बाई बोलल्या. नाव विचारलं, वर्ग विचारला, मग म्हणाल्या, ‘फी तुमच्या पालकांनी भरलेली दिसत नाही.’

‘नाही मॅडम, स्कॉलरशिप आहे.’

‘कुठली? सरकारी?’

‘नाही. कुंदन धर्मराज मढवी शिष्यवृत्ती.’

आतला सुपाचा आवाज थांबला. धर्मराजने मान खाली घातली. आता ती मोरीत जाईल, नळ सोडेल, आणि या पोरीला वाटेल आपलंच काही चुकलं.

‘लिहून घेते,’ फोनवरच्या बाई म्हणाल्या. ‘पत्ता?’

‘पावणे गाव, गावदेवीच्या मागे. मी त्यांच्याच घरात राहते.’

‘ठीक आहे. झालं तुमचं.’

फोन बंद झाला. नळाचा आवाज आला नाही. मैत्रीने मान वर केली तर स्वयंपाकघराच्या दारात सगुणा उभी. हातात सूप तसंच, जवळ्याचा भुसा साडीला लागलेला.

‘काय बोललीस गो तू?’

मैत्री घाबरून उठून उभी राहिली. तिने धर्मराजकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. ‘काही नाही काकू, फीचं. ऑफिसला सांगत होते.’

‘कोनाच्या नावची?’

‘कुंदनदादांच्या.’

‘तसं नको.’ सगुणाने सूप दाराशी खाली ठेवलं आणि येऊन सोफ्याच्या काठावर बसली. ‘मगाशी बोललीस तसं बोल. पुरं.’

‘कुंदन धर्मराज मढवी शिष्यवृत्ती,’ मैत्री हळू म्हणाली.

बाहेर पाण्याची मोटर लागली होती, तिचा आवाज मोठा होता. सगुणाने पोरीचा हात धरून तिला परत त्याच जागेवर बसवलं, नवऱ्याच्या आणि आपल्या मध्ये. ‘मोटर चालू हाय,’ ती म्हणाली. ‘मोठ्यानं बोल.’

मैत्रीने मोठ्याने म्हटलं. सगुणाचे ओठ तिच्याबरोबर हलले, आवाज मात्र आला नाही. ‘परत बोल,’ ती म्हणाली.